बाल्कार्सेचा मिस्त्री

आपल्याकडे एखाद्या गृहस्थाने अडतिसाव्या वर्षी घरी येऊन सांगितले, की मी आता मोटारींच्या शर्यतीत जग जिंकायला निघालो आहे, तर घरची मंडळी आधी डॉक्टरला बोलावतील. हुआन मॅन्युएल फांजिओ हा आर्जेन्टिनाचा गृहस्थ, १९५० साली मोटारशर्यतींचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा, बरोबर अडतीस वर्षांचा होता. डोक्यावरचे केस विरळ झालेले, अंगाने थोडा आडवा, बोलणे हळू. पुढच्या आठ वर्षांत या माणसाने ते अजिंक्यपद पाच वेळा मिळविले, आणि त्याचा हा विक्रम मोडायला २००३ साल उजाडावे लागले.

ज्या गाडीत बसून त्याने हे केले ती गाडी आपल्या ओळखीची नव्हे. एकाच माणसाची बैठक, वर छप्पर नाही, आणि चारही चाके अंगाबाहेर उघडी. त्यांच्यावर मडगार्ड नाही. दिसायला हे साधे वाटते, पण यातच सारा धोका आहे. दोन गाड्यांची फिरती चाके एकमेकांना लागली, की मागची गाडी पुढच्या चाकावर चढते आणि हवेत जाते. त्या काळी चालकाला बांधून ठेवणारा पट्टाही नसे. गाडी उलटली तर बाहेर फेकले गेलेले बरे, असे चालकच म्हणत. शर्यतीच्या मार्गाला कठडे म्हणजे गवताचे भारे, झाडे आणि माणसे.

फांजिओचा जन्म २४ जून १९११ चा. गाव बाल्कार्से, ब्यूनोस आयर्स प्रांतातले, बटाट्याच्या शेतीचे. आईवडील इटलीहून आलेले, बाप गवंडीकाम करणारा. पोरगा फुटबॉल चांगला खेळे, आणि पाय जरा फेंगडे म्हणून त्याला 'चुएको', म्हणजे फेंगड्या, असे नाव पडले. ते जन्मभर चिकटले. शाळा लवकरच सुटली आणि तो मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. लष्करातील सक्तीची नोकरी संपवून आल्यावर त्याने गावातच मित्रांबरोबर स्वतःचे गॅरेज काढले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. युरोपातील त्या वेळचे पुष्कळ शर्यतवाले पैसेवाल्या घरचे होते. गाडी मोडली, तर दुसरे कोणी दुरुस्त करील, ही त्यांची सवय. फांजिओचे तसे नव्हते. त्याने मोडलेली गाडी रात्री त्यालाच जोडावी लागे. म्हणून गाडी मोडू नये कशी, हे तो चालवायच्या आधी शिकला.

पहिली शर्यत त्याने १९३६ साली लढविली ती एका उसन्या फोर्ड टॅक्सीत. ती पुरीदेखील झाली नाही. पुढे गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला शेवरोलेट गाडी घेऊन दिली. त्या देशातल्या शर्यती म्हणजे गोल मैदानातल्या फेऱ्या नव्हेत. गावोगाव जाणारे कच्चे रस्ते, धूळ, चिखल, नद्यांचे उतार आणि अँडीजचे घाट. १९४० साली ब्यूनोस आयर्सहून पेरूची राजधानी लिमा आणि तेथून परत अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत झाली. आपल्या मुंबईहून दिल्लीला मोटारीने तीन वेळा जाऊन यावे, तरी याहून कमीच भरेल. ती फांजिओने जिंकली. त्या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचे राष्ट्रीय अजिंक्यपदही त्याच्याकडे आले. मग महायुद्धामुळे टायर आणि पेट्रोल मिळेना, शर्यती बंद पडल्या. ऐन उमेदीची वर्षे अशी जुन्या गाड्यांच्या खरेदीविक्रीत गेली.

१९४८ चा ऑक्टोबर. ब्यूनोस आयर्स ते व्हेनेझुएलातील काराकास ही शर्यत चालू होती. पेरूमध्ये हुआन्चाकोजवळ फांजिओची गाडी रस्ता सोडून उलटली आणि शेजारी बसलेला त्याचा जोडीदार व मित्र दानिएल उरुतिया बाहेर फेकला जाऊन मेला. गाडी फांजिओच चालवीत होता. हा पेशा सोडून द्यावा, असे त्याच्या मनाने घेतले होते. सोडला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने सोडला नाही. ते बरे केले की वाईट, याचा निवाडा इतिहासाच्या मास्तराने करू नये. पण त्याच्या पुढच्या सावधपणाची मुळे मला या रस्त्यावर दिसतात.

दुसऱ्याच वर्षी, पेरॉन सरकारच्या पाठिंब्याने, आर्जेन्टिनाच्या ऑटोमोबाइल क्लबने त्याला युरोपात पाठविले. युरोपात त्याला ओळखणारे फारसे कोणी नव्हते. सान रेमो, पो, पर्पिन्यां, मार्सेय, मोन्झा, आल्बी अशा सहा शर्यती त्याने एका मोसमात जिंकल्या आणि १९५० साली आल्फा रोमिओ या इटालियन कंपनीने त्याला घेतले.

त्या वर्षीच्या मे महिन्यातली मोनॅकोची एक हकीकत सांगतो. तेथे शर्यत गावाच्या रस्त्यांतूनच होते. एका बाजूला घरे, दुसऱ्या बाजूला समुद्र. पहिल्याच फेरीत बंदराजवळच्या वळणावर लाटेचे पाणी रस्त्यावर आले होते. त्यावरून एक गाडी घसरली आणि मागच्या आठनऊ गाड्या एकमेकींवर आदळून रस्ता बंद झाला. फांजिओ सर्वांच्या पुढे होता, त्यामुळे त्याला यातले काहीच ठाऊक नाही. दुसऱ्या फेरीला तो भरवेगात त्या वळणाकडे आला आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. प्रेक्षकांच्या गर्दीचा रंग बदलला होता. पहिला गाडीवाला येतो तेव्हा सगळे चेहरे त्याच्याकडे वळलेले असावयाचे. इथे दिसत होती डोकी. लोक दुसरीकडे पाहत होते. १९३६ साली याच ठिकाणी झालेल्या अपघाताचे छायाचित्र त्याने नुकतेच पाहिले होते, ते त्याला आठवले. त्याने करकचून ब्रेक दाबला, हात वर केला, आणि वळणापलीकडे पडलेल्या त्या ढिगाऱ्यापाशी गाडी थांबविली. मग एका मोडक्या गाडीचे चाक हाताने ढकलून वाट केली, आणि शर्यत जिंकली! लोक याला दैवी शक्ती म्हणाले. मला वाटते, इंजिनाचा आवाज जरासा बदलला तरी कान टवकारणारा जो मिस्त्री असतो, त्याचेच हे लक्षण. नेहमीच्यापेक्षा निराळे काय आहे, एवढेच तो पाहतो.

१९५१ साली तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी मात्र त्याच्या हातून एक चूक झाली, आणि ती वेगाची नव्हती, दमणुकीची होती. शनिवारी उत्तर आयर्लंडात शर्यत, रविवारी दुपारी इटलीत मोन्झाला दुसरी. पॅरिसहून पुढे विमान मिळेना, तेव्हा उसन्या मोटारीने रात्रभर आल्प्स ओलांडून गडी मोन्झाला पोचला, न झोपता, सराव न करता सर्वांच्या मागून निघाला आणि दुसऱ्या फेरीत गाडीबाहेर फेकला गेला. मानेचा मणका मोडला. तो सारा मोसम गेला. पण पुढच्याच वर्षी त्याच मोन्झाला तो जिंकला, हेही सांगितले पाहिजे.

१९५४ साली जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने त्याला बोलावले. रुपेरी रंगाची ती नवी गाडी आणि हा त्रेचाळीस वर्षांचा चालक, दोघांनी मिळून दोन वर्षे कोणाला पुढे जाऊ दिले नाही. परंतु जिंकण्याची ही वर्षे मोठी काळी होती. ओनोफ्रे मारिमोन हा आर्जेन्टिनाचाच तरुण चालक, फांजिओच्या हाताखाली तयार झालेला. त्याचा बाप दोमिंगो हा फांजिओचा जुना प्रतिस्पर्धी; ज्या काराकासच्या शर्यतीत उरुतिया गेला, ती शर्यत या दोमिंगोनेच जिंकली होती. ३१ जुलै १९५४ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला सराव करताना ओनोफ्रे मेला. दुसऱ्या दिवशी फांजिओ त्याच मार्गावर बावीस फेऱ्या मारून पहिला आला. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये ल मां येथे मर्सिडीजच्याच लव्हेग या चालकाची गाडी प्रेक्षकांच्या गर्दीत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. फांजिओ त्याच्या अगदी मागे होता. लव्हेगने मरण्यापूर्वी हात वर करून आपल्याला सावध केले, असे तो पुढे सांगत असे. त्या वर्षाअखेर मर्सिडीजने शर्यती सोडल्या.

फांजिओवर एक आरोप नेहमी होतो, की जिकडे चांगली गाडी तिकडे हा. आल्फा, मासेराती, मर्सिडीज, फेरारी, पुन्हा मासेराती. आरोप खोटा नाही. पण गाडी चांगली की वाईट हे ओळखायलाही डोळा लागतो. आणि त्याच कंपनीची तीच गाडी घेऊन दुसरेही धावत होते, ते मागे का राहिले, याचे उत्तर टीकाकार देत नाहीत.

मात्र १९५६ चे अजिंक्यपद त्याला दुसऱ्याच्या उदारपणाने मिळाले, हे मान्य केले पाहिजे. त्या वेळी एका चालकाने आपली गाडी दुसऱ्याला दिली, तर गुण दोघांत वाटून मिळत. मोन्झाला शेवटच्या शर्यतीत फांजिओच्या फेरारीचे स्टिअरिंग बिघडले. त्याचा सहकारी पीटर कॉलिन्स हा चोवीस वर्षांचा इंग्रज. त्या दिवशी अजिंक्यपद त्यालाही मिळण्याजोगे होते. तो पेट्रोल-टायरच्या थांब्यावर, ज्याला पिट म्हणतात तेथे, आला, फांजिओ उभा आहे हे पाहिले, आणि गाडीतून उतरून म्हाताऱ्याला आत बसविले. आपले वय लहान आहे, आपल्याला पुढे पुष्कळ वर्षे मिळतील, असा त्याचा हिशेब होता.

सुमारे अकरा महिन्यांनी, ४ ऑगस्ट १९५७ रोजी, हेच दोघे न्युर्बुर्गरिंगला समोरासमोर आले. कॉलिन्स फेरारीत, त्याच्या जोडीला दुसरा इंग्रज माइक हॉथॉर्न, फांजिओ मासेरातीत. न्युर्बुर्गरिंग म्हणजे आपला खंडाळ्याचा घाट एकाच वेळी तीनचारदा दुमडून रानात पसरावा, तसा मार्ग आहे. एक फेरी सुमारे पावणेतेवीस किलोमीटरची, दीडशेहून जास्त वळणे. फेरारीवाले टाकी भरून, न थांबता जाणार होते. फांजिओने टाकी अर्धीच भरली, मऊ टायर घातले आणि मध्ये एकदा थांबायचे ठरविले. बाराव्या फेरीपर्यंत त्याने अर्ध्या मिनिटाची आघाडी मिळविली. थांबला, आणि मेकॅनिक मंडळींची अशी धांदल उडाली, की आघाडी गेली ती गेलीच, वर पाऊण मिनिटाहून अधिक पिछाडी पदरात पडली. उरल्या होत्या दहा फेऱ्या.

नवे टायर रुळेपर्यंत एकदोन फेऱ्या तो सबुरीने चालला. फेरारीवाल्यांना वाटले, संपला. मग त्याने सुरुवात केली. ज्या वळणाला जो गिअर घ्यायचा, त्याच्या वरचा गिअर तो ठेवू लागला. फेरीगणिक मार्गाचा विक्रम मोडत गेला. सरावात सर्वांत चांगली वेळ त्याचीच होती, ९ मिनिटे २५.६ सेकंद, विसाव्या फेरीला त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंद घेतले. एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला, मग हॉथॉर्नला मागे टाकले आणि चार सेकंदांहून कमी अंतराने जिंकला. वय सेहेचाळीस. त्याच्या जवळपासच्या वयाच्या आम्हा मास्तरांना कॉलेजचा जिना चढताना धाप लागते! हरलेले ते दोघे तरुण इतके खूष झाले होते, की पाहणाऱ्याला वाटावे तेच जिंकले.

पण फांजिओ स्वतः या शर्यतीबद्दल बोलताना जरा संकोचूनच बोले. जिंकायला जेवढा वेग लागतो तेवढाच घ्यावा, हा त्याचा जन्मभराचा नियम. तो नियम त्याने त्या दिवशी मोडला होता, आणि हे त्याला पक्के कळले होते. पुढे कित्येक रात्री झोप लागली नाही, आणि असे पुन्हा कधी चालवणार नाही, असे तो म्हणाला. पाचवे अजिंक्यपद हाती होते. त्यानंतर जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत त्याने जिंकली नाही.

१९५८ च्या फेब्रुवारीत क्यूबात हवाना येथे शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कॅस्ट्रोच्या बंडखोरांनी त्याला हॉटेलातून पिस्तुलाच्या धाकाने पळवून नेले. बातिस्ता सरकारची नाचक्की व्हावी, हा हेतू. त्यांनी त्याला चांगले वागविले आणि शर्यत झाल्यावर सोडून दिले. शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून कित्येक प्रेक्षक मेले. ज्यांनी पळविले त्यांच्याबद्दल फांजिओने कधी वाईट उद्गार काढले नाहीत.

६ जुलै १९५८ ला फ्रान्समध्ये रॅन्स येथे तो शेवटचा धावला. दहा वर्षांपूर्वी युरोपातली पहिली शर्यत त्याने येथेच लढविली होती. क्लचचे पेडल मोडले, तरी चौथा आला. हॉथॉर्न पहिला होता. फांजिओला एक पुरी फेरी मागे टाकण्याची वेळ आली, तेव्हा त्याने आपली गाडी हळू केली आणि म्हाताऱ्याला पुढेच राहू दिले. त्याच शर्यतीत लुइजी मुस्सो हा इटालियन चालक मेला. फांजिओने तेथेच थांबायचे ठरविले. एक्कावन्न जागतिक शर्यती, चोवीस विजय.

चार आठवड्यांनी, ३ ऑगस्ट १९५८ रोजी, न्युर्बुर्गरिंगला पीटर कॉलिन्स गेला. वय सव्वीस. हॉथॉर्न त्या वर्षीचा जगज्जेता ठरला, शर्यती सोडून घरी बसला, आणि १९५९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर अपघातात गेला. न्युर्बुर्गरिंगच्या त्या दुपारच्या तिघांत फांजिओ एकटा उरला, सर्वांत वडील होता तोच. तो आपल्या देशात परतला, मोटारींच्या धंद्यात राहिला, पुढे मर्सिडीजच्या आर्जेन्टिनातील कंपनीचा अध्यक्ष झाला. १९८६ साली बाल्कार्सेत त्याच्या नावाचे संग्रहालय निघाले. त्याच्या गाड्या तेथे ठेवलेल्या आहेत. १७ जुलै १९९५ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तो अंथरुणावर वारला आणि त्याला बाल्कार्सेलाच पुरले.