गिऱ्हाईक टिकवण्यासाठी केलेली नक्कल

एम्युलेटर, म्हणजे एका यंत्राची दुसऱ्यावर केलेली नक्कल, म्हटले की डॉसच्या काळातले खेळ लिनक्सवर खेळणारी हौशी मंडळी डोळ्यांसमोर येतात. पण ही विद्या जन्मली धंद्याच्या धास्तीतून. आयबीएमचा १४०१ हा १९५९ सालचा संगणक. असंख्य कचेऱ्यांचे हिशेब त्यावर चालत. डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेलने याच गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून आपला २०० हा संगणक जाहीर केला आणि १४०१ चे प्रोग्राम त्यावर आणून देणारे ‘लिबरेटर’ सोबत देऊ केले. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० मालिका जाहीर केली खरी, पण तिची रचना १४०१ हून अगदी निराळी. प्रोग्राम नव्याने लिहायचेच, तर मग हनीवेल काय वाईट? म्हणून ३६० च्या मॉडेल ३० मध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, आधाराने १४०१ ची हुबेहूब नक्कल बसवली गेली. जुने प्रोग्राम त्यावर मूळ यंत्राहूनही वेगाने चालत.

यामुळे आळस पोसला गेला, नव्याने लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे लांबले, असे म्हणता येईल. ते खोटे नाही. मात्र कचेरीचे कितीतरी नियम फक्त त्या प्रोग्रामातच उरलेले असत. ते पुन्हा हुडकण्यापेक्षा नक्कल स्वस्त पडे. खुद्द ॲपलनेही १९९४ मध्ये पॉवरपीसी या नव्या प्रोसेसरकडे वळताना जुन्या प्रोसेसरची नक्कल करून हाच मार्ग धरला. ॲपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काही भागही सुरुवातीला एम्युलेटरमधूनच चालत होते!

तेव्हा नक्कल कशाची होणार, हे गरजवंत ठरवतो. २००२ मध्ये आलेल्या डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमध्ये साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाची नक्कल आहे, कारण खेळांना आवाज हवा होता. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट कार्डाची नक्कल त्यात नाही. या कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. इस्की या जुन्या भारतीय लिपिसंकेतातला मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो, मग कार्ड कशाला, असे कोणी विचारील. साध्या पत्रापुरते ते ठीक. पण डीबेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्राममध्ये बांधलेली मराठी नावांची यादी कशी भरली जाई, कोणत्या क्रमाने लागे, पडद्यावर कशी दिसे, हे कळते ते प्रोग्राम चालताना. त्यासाठी कार्डावरच्या चिपांमध्ये काय भरले होते ते आधी उतरवून घ्यायला हवे, म्हणजे चालू स्थितीतले एखादे कार्ड हाती लागायला हवे.