अमेरिकेतील बेकायदा स्थलांतरितांच्या नियमितीकरणाला विरोध

अमेरिकेत परवान्याविना राहणाऱ्या परदेशी नागरिकांना कायद्यात बदल करून कायम वास्तव्याचा हक्क व पुढे नागरिकत्व देण्याला होणारा राजकीय आणि सामाजिक विरोध. चोरून सीमा ओलांडलेले आणि व्हिसाची मुदत संपल्यावर परत न गेलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक यात मोडतात. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २००७ साली त्यांची संख्या सुमारे १ कोटी २२ लाख होती.

पार्श्वभूमी : या विरोधाचे मूळ १९८६च्या अनुभवात आहे. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी सही केलेला ‘इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल ॲक्ट’ ही एक देवघेव होती. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना व काही शेतमजुरांना वास्तव्याचा हक्क मिळणार होता. त्या बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड होणार होता. सुमारे २७ लाख लोक नियमित झाले, पण दंडाची बाजू लंगडी राहिली. कामावर घेताना भरायच्या ‘आय-९’ फॉर्मसाठी मालकाने कामगाराची कागदपत्रे पाहायची. ती वरकरणी अस्सल दिसली की त्याची जबाबदारी संपली. सोशल सिक्युरिटी क्रमांक खरा की बनावट, हे सरकारकडून पडताळून घेण्याची सक्ती नव्हती. बनावट कार्डांचा धंदा त्यामुळे फोफावला. शेतमजुरांना हंगामी कामाचे ९० दिवस दाखवावे लागत; तिथेही खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला. पुढच्या दोन दशकांत बेकायदा रहिवाशांची संख्या कमी होण्याऐवजी कैक पटींनी वाढली. ‘आधी अंमलबजावणी, मग सवलत’ ही मागणी या फसगतीतून आली.

विरोधाची कारणे : पहिला आक्षेप न्यायाचा. नियम मोडणाऱ्याला माफी दिली, तर नियम पाळून ताटकळणाऱ्यावर अन्याय होतो आणि नव्या घुसखोरीला उत्तेजन मिळते. दुसरा मजुरीचा : बेकायदा मजुरांमुळे इतरांची मजुरी पडते. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांनी संप फोडण्यासाठी बेकायदा मजूर आणणाऱ्या बागाईतदारांशी झुंज दिली होती. ‘एएफएल-सीआयओ’ या कामगार महासंघानेही मालकांना दंड करण्याच्या तरतुदीला पाठिंबा दिला होता. २०००मध्ये त्याने भूमिका बदलून नियमितीकरणाची बाजू घेतली. तिसरा आक्षेप सरकारी खर्चाचा. हेरिटेज फाउंडेशनने २०१३मध्ये नियमितीकरणाचा आजीवन बोजा ६.३ लाख कोटी डॉलर सांगितला. त्याच वर्षी संसदेच्या अर्थसंकल्पीय कार्यालयाने मात्र सिनेटपुढील नियमितीकरणाच्या विधेयकामुळे तूट घटेल असा निष्कर्ष काढला. चौथा प्रवाह वंश आणि संस्कृतीच्या भीतीचा. ‘फेअर’ ही स्थलांतरविरोधी संघटना १९७९मध्ये स्थापन करणारे जॉन टॅन्टन यांच्या लेखनात ही भीती उघड दिसते. पहिल्या तीन आक्षेपांना तिचे लेबल सरसकट चिकटवणे अन्यायाचे आहे. तिच्याकडे काणाडोळा करणेही तितकेच चूक.

संसदेतील लढती : २००७मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा पाठिंबा असलेले नियमितीकरणाचे विधेयक सिनेटमध्ये अडले. चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी ६० मते लागत होती. २८ जून रोजी ४६ पडली. ‘नंबर्सयूएसए’सारख्या विरोधी संघटनांनी सदस्यांवर फोन आणि फॅक्सचा भडिमार केला होता. लहानपणी अमेरिकेत आणलेल्यांसाठीचे ‘ड्रीम ॲक्ट’ हे विधेयक २०१०मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये पडले. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी व्यापक सुधारणा विधेयक मंजूर केले. त्यात नागरिकत्वापर्यंतचा किमान १३ वर्षांचा मार्ग, दंड, थकीत कर आणि नोकरीसाठी ‘ई-व्हेरिफाय’ पडताळणीची सक्ती होती. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला आणलेच नाही. जून २०१४मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सभागृहनेते एरिक कँटर पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्ह ब्रॅट यांच्याकडून हरले. इमिग्रेशन हा ब्रॅट यांच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता, त्यामुळे तडजोडीची उरलीसुरली इच्छाही संपली.

भारतीय स्थलांतरित : हा वाद मराठी घरांपर्यंतही पोहोचतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असतात आणि कोणत्याही एका देशाला त्यांतली सुमारे ७ टक्केच मिळू शकतात. त्यामुळे पुण्या-मुंबईहून एच-१बी व्हिसावर गेलेला इंजिनीअर कर भरत, प्रत्येक नूतनीकरण वेळेवर करत दशकानुदशके थांबतो. त्याचे मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या व्हिसावरचा त्याचा आधार सुटतो. लहानपणी अमेरिकेत आणलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणाऱ्या २०१२च्या ‘डाका’ सवलतीतही अशा मुलाला जागा नव्हती, कारण १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणे ही तिची अट होती. नियम पाळणाऱ्यालाच मागे टाकल्याची बोच अशा कुटुंबांना लागते, ती समजण्याजोगी आहे. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५मध्ये अमृतसरला लष्करी विमानाने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांमध्ये महाराष्ट्रातलेही होते; परवान्याविना राहणारे म्हणजे परकेच, असे मानण्याची सोय मराठी माणसालाही नाही.

मूल्यमापन : १९८६चा धडा खरा आहे. मालकावर जरब बसवल्याशिवाय केलेले नियमितीकरण काही वर्षांत पुन्हा त्याच प्रश्नापाशी येते. पण विरोधकांच्या न्यायाच्या युक्तिवादात मोठी उणीव आहे. २०१३च्या विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरील देशनिहाय मर्यादा रद्द होणार होती आणि परवान्याविना राहणाऱ्यांना जुन्या अर्जदारांच्या मागेच उभे राहावे लागणार होते. ते अडवल्याने कायदेशीर मार्गाने आलेल्यांचीही वाट अडली. रांगेचा मान राखा म्हणणाऱ्यांनी रांग पुढे सरकवण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. तसे न केल्यास नियम पाळणाऱ्याच्या नावाने मांडलेली बाजू त्याच्याच मुळावर येते.