सातबारा आणि संगणकातला दुभाष्या

खालापूर तालुक्यातील शेतकऱ्याला पीककर्ज काढायचे असो की वारसनोंद करायची असो, सातबारा लागतोच. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्कांची नोंद, नमुना बारा म्हणजे पिकांची. पूर्वी हा उतारा तलाठी हाताने लिहून देत. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा इंटरनेटवरून मिळू लागला. तरीही एखाद्या दिवशी उतारा निघत नाही आणि उत्तर मिळते, 'सर्व्हर डाऊन आहे'. त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वाया जाते. या उत्तराआड नेमके काय बिघडलेले असू शकते? त्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

अशा व्यवस्थेत सर्वसाधारणपणे दोन यंत्रणा असतात. एक लोकांच्या मागण्या घेणारी, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर; दुसरी नोंदी सांभाळणारी, म्हणजे डेटाबेस. माहिती तक्त्यांच्या रूपात मांडावी, ही कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला.

भाषा एक झाली, पण अडचण संपली नाही. प्रश्न तारेवरून कसा पाठवायचा, याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी होती. डेटाबेस बदलला की प्रोग्रॅमचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागे. यावर उपाय म्हणजे मध्ये एक दुभाष्या ठेवणे. तोच 'ड्रायव्हर'. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ओडीबीसी आले आणि १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी. प्रोग्रॅमने एकाच पद्धतीने बोलावे, पुढचे भाषांतर ज्या त्या ड्रायव्हरने करावे, अशी ही योजना.

याच सुमारास वेब पसरले. सुरुवातीला प्रत्येक मागणीसाठी नवी जोडणी उघडली जाई. पत्ता शोधणे, ओळख पटवणे यातच वेळ जाई. म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवायच्या, वापरायच्या आणि परत करायच्या, अशी रीत रूढ झाली. वाचनालयातील पुस्तकांसारखीच ही देवघेव. या साठ्याला 'कनेक्शन पूल' म्हणतात.

या इतिहासातच बिघाड शोधण्याचा क्रम दडलेला आहे. पहिला प्रश्न: ड्रायव्हर सापडला का? तो जागेवर नसेल किंवा ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ६४ बिटांचा दिला असेल, तर संदेश यंत्राबाहेर पडतच नाही. दुसरा: पलीकडचे यंत्र भेटले का? येथे दोन उत्तरांतला फरक मोलाचा आहे. तत्काळ नकार आला, तर बहुधा यंत्र सापडले आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ शांतता असेल, तर पत्ता चुकला आहे, संदेश वाटेत अडला आहे किंवा पलीकडचे यंत्र बंद आहे. तिसरा: ओळख पटली का? परवलीचा शब्द बदलला आणि तो ॲप्लिकेशन सर्व्हरला कळवला नाही, तर डेटाबेस दार उघडत नाही.

चौथा बिघाड फसवा असतो. सकाळी सारे सुरळीत चालते आणि दुपारी ठप्प होते. प्रोग्रॅमचा एखादा भाग जोडणी घेतो, पण चूक उद्भवली की परत करत नाही. हळूहळू पूल रिकामा होतो आणि नव्या मागण्या ताटकळतात. सर्व्हर बंद करून चालू केला की काम सुरू होते, कारण जोडण्या नव्याने तयार होतात. दोष मात्र तसाच राहतो आणि पुन्हा डोके वर काढतो.

विद्यार्थ्यांना हे सांगताना एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. या चारही प्रसंगी नोंदी डेटाबेसमध्ये सुरक्षित असू शकतात. तुटलेली असते ती वाट. बाहेर मात्र सगळ्यांना एकच नाव मिळते, 'सर्व्हर डाऊन'. कोणती कडी तुटली हे कळले, तर खिडकीवरचा माणूस 'थोडे थांबा' किंवा 'उद्या या' यांपैकी खरे ते सांगू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन उत्तरांत एका दिवसाच्या मजुरीचे अंतर आहे.