केस : एक ऐतिहासिक साधन

नेपोलियन बोनापार्ट ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर लाँगवुड येथे मरण पावला. दुसऱ्या दिवशी झालेल्या शवविच्छेदनात जठरात व्रण आढळला. त्याच्या पित्याचा अंतही जठराच्या विकारानेच झाला होता, त्यामुळे कर्करोगाचे निदान बहुतेकांनी मान्य केले. पुढे विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात त्याचा सेवक मार्शाँ याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांतील दुखण्याची वर्णने वाचून स्टेन फोर्शुफवुद या स्वीडिश दंतवैद्यास सोमलाच्या विषप्रयोगाचा संशय आला.

संशयाला पुरावा हवा होता. तो केसांनी पुरविला. नेपोलियनच्या बटा आप्त-स्नेह्यांनी स्मृतिचिन्हे म्हणून जपल्या होत्या. केसातील केराटिन या प्रथिनात गंधक विपुल असते आणि सोमल त्याला घट्ट बिलगतो. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून त्याची लांबी म्हणजे एक प्रकारची रोजनिशीच होय. जुन्या रासायनिक पद्धतीस केस पुष्कळ लागत. ग्लासगो विद्यापीठातील हॅमिल्टन स्मिथ यांनी मात्र अणुभट्टीत केसावर न्यूट्रॉनांचा मारा करून, किरणोत्सर्गी झालेला सोमल मोजला. एवढ्याला एक केसही पुरे होतो. १९६१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दशलक्ष भागांत १०.३८ भाग सोमल. सामान्य प्रमाण ०.८ च्या आसपास धरले गेले होते. विषप्रयोगाची कथा जगभर पसरली.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता : हे ‘सामान्य’ प्रमाण कोणाचे? ते विसाव्या शतकातील माणसांचे होते. बखरीपेक्षा अस्सल पत्र अधिक विश्वसनीय असे आपण मानतो. परंतु अस्सल पत्रही त्याच काळातील इतर पत्रांशी ताडून पाहिल्यावाचून आपण स्वीकारीत नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्याला मात्र ही सवलत सहज मिळाली, याचे नवल वाटते.

ती तुलना व्हावयास २००८ साल उजाडले. इटलीतील मिलान व पाव्हिया येथील भौतिकशास्त्रज्ञांनी नेपोलियनचे कॉर्सिकामधील बालपणीचे, एल्बा बेटावरील आणि सेंट हेलेना येथील केस तपासले. सोबत त्याच्या पुत्राचे, सम्राज्ञी जोझेफिनचे व हयात असलेल्या दहा व्यक्तींचेही. जुन्या सर्वच केसांत सोमल आजच्या मानाने सुमारे शंभरपट निघाला. बालपण आणि अखेरचे दिवस यांत लक्षणीय फरक नव्हता. जोझेफिन तर १८१४ मध्येच, फ्रान्समध्ये, निवर्तली होती. लाँगवुडच्या मुदपाकखान्याशी तिचा संबंध काय?

विषप्रयोग झालाच नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. केसांच्या साक्षीने तो सिद्ध होत नाही, इतकेच. हा सोमल शरीरात आला कोठून, याची उत्तरे अनेक संभवतात. १७८६ मध्ये प्रसिद्धीस आलेले फाउलरचे औषध सोमलाचेच होते. शेले याचा हिरवा रंगही त्याचाच. लाँगवुडच्या भिंतीवरील रंगीत कागदात सोमल असल्याचे १९८२ साली दाखविले गेले. शिवाय बाहेरून चिकटलेला सोमल आणि रक्तावाटे केसात उतरलेला सोमल हे वेगळे ओळखणे कठीण असते. बटा कीटकांपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून त्यांवर सोमलाची पूड टाकली गेली असेल, तर स्मृती जपणाऱ्या हातांनीच हा पुरावा गढूळ केला असे होईल.