रविवर्म्याची सुभद्रा काय बोलते?

बडोद्यातल्या आपल्या जुन्या घरांत राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर हमखास असे. कुंकवाचे डाग पडले, काच तडकली, तरी ती कुणी उतरवत नसे. या छापील तसबिरी १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातल्या. पण त्याआधीचा अध्याय आपल्याच गावात घडला.

१८८८ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी रविवर्मा यांना पौराणिक विषयांवरची चौदा तैलचित्रे करायला सांगितली. चित्रकार मल्याळी, दरबार मराठी, रयत बहुतांशी गुजराती. एकमेकांची बोली कळो न कळो, पुराणकथा सर्वांच्या ओळखीच्या होत्या. चित्रे पाहायला लोक लोटले त्याचे कारण हेच असावे.

त्यांतले ‘अर्जुन-सुभद्रा’ घ्या. हाच प्रसंग अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘संगीत सौभद्र’मध्ये रंगभूमीवर आणला होता. बलरामाचा दुर्योधनासाठी हट्ट, कृष्णाचे कारस्थान, अर्जुनाचा यतिवेष, सगळे त्यात आहे आणि त्याला रात्र पुरत नसे. रविवर्मा यांच्याकडे एकच क्षण. लाजलेली सुभद्रा आणि शेजारी अर्जुन, बस्स. आम्हाला प्रामाणिकपणे वाटते की ती लाज कोणत्याही पदात इतकी नेमकी उतरलेली नाही. (नाट्यसंगीताच्या भक्तांनी रागावू नये!) मात्र यतिवेषाची गंमत चित्राला सांगता येत नाही. ती आधी ऐकलेली असावी लागते.

बडोद्याच्या संग्रहातले १८८०चे ‘सीता-भूमिप्रवेश’ तर याहून अवघड. धरणीमाता सीतेला घेऊन चालली आहे. त्या क्षणी सीतेच्या मनात काय होते, हे शब्दांत मांडायला गेले की ते उणेच पडते. चित्र गप्प राहते म्हणून ते सोसवते. पण ती का चालली, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे जमिनीत जाणारी एक बाई तेवढी दिसेल.

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या आणि पुढे रविवर्मा यांच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. चित्रपट मुका, तरी मधूनमधून मजकुराच्या पाट्या घालाव्या लागल्याच.

आपल्या घरांतली तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. तेव्हा मुलांना नुसती चित्रे दाखवावीत, पोथ्यापुराणे राहू द्यावीत, असे अलीकडे आपल्याच मंडळींत ऐकू येते. आम्हाला ते पटत नाही. फत्तेसिंह संग्रहालयात ही चित्रे आजही पाहायला मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तिथे न्याल तेव्हा घरातली एखादी आजीही बरोबर न्या. मुलांना आधी मुकाट्याने पाहू द्या. मग ती सीतेपुढे थांबून विचारतीलच, ‘ही कुठे चाललीय?’