दूरच्या पडद्यावरचा बाण

 

आजचा विषय कळल्यावर एकाने मला विचारलं, की सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता माऊसच्या बाणावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी संगणकाचा तंत्रज्ञ नाही. पण काही वर्षांपूर्वी जून महिन्यात इथेच मुलचेऱ्यात एक प्रसंग पाहिला, आणि तेव्हापासून हा बाण काही डोक्यातून जात नाही. आधी तो प्रसंग सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

एका सेवा केंद्रात मी सातबारा काढायला गेलो होतो. माझ्या आधी एक मुलगी आणि तिचे वडील बसलेले. तिला कॉलेज प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. केंद्रात संगणक दोन, पण धड चालणारा माऊस एकच. दाखल्याचं काम ज्या संगणकावर व्हायचं तो बिघडला होता, म्हणून शहरातल्या एका तंत्रज्ञाने दुरून तो आपल्या ताब्यात घेतला होता. दूरचा माणूस आपल्या संगणकाचा पडदा स्वतःच्या पडद्यावर पाहतो आणि तिथून आपला संगणक चालवतो, याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. तो फोनवर म्हणत होता, ‘‘भाऊ, मला कर्सरच दिसत नाही, तुमचं नेट स्लो आहे.’’ पाऊण तास गेला. नेट तपासलं, संगणक बंद करून सुरू केला, पुन्हा तेच. वडील दोनदा उठून एसटीची वेळ विचारून आले. शेवटी केंद्रातल्या मुलाने कंटाळून दुसऱ्या संगणकाचा माऊस काढला आणि या संगणकाला जोडला. जोडला मात्र, आणि तिकडून आवाज आला, ‘‘अरे, दिसला!’’

नेटचा काही दोष नव्हता. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत संगणकाला माऊस जोडलेलाच नसेल तर तो बाण दाखवत नाही. त्याच्या दृष्टीने बाण कोणासाठी दाखवायचा? दूर बसलेला माणूस त्याच्या हिशेबात नाही. तिकडच्याने ‘माऊस जोडला आहे का’ असं विचारलं नाही, आणि इकडच्याला तसं सांगावंसं वाटलं नाही. दाखला मिळाला. पण जो पाऊण तास गेला तो का गेला, हा आजचा प्रश्न.

जे बाहेरून ऐकताहेत त्यांच्यासाठी सांगतो. मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातला तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा वेगळा झाला; त्याआधी जिल्ह्याच्या कामाला चंद्रपूर गाठावं लागायचं. पूर्वी कागदासाठी माणूस प्रवास करायचा. आता माणूस इथेच बसतो आणि जाणकाराचा हात तारेवरून इकडे येतो. तो हात आपल्याला दिसतो फक्त एका बाणाच्या रूपात. म्हणून बाण हरवला की सगळंच अडतं.

कर्सर हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ धावणारा. माझ्या वयाच्या मंडळींना तो संगणकाच्या आधीपासून माहीत आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांकडे स्लाइड रूल असायची, गणिताची सरकपट्टी. तिच्यावर मागेपुढे सरकणारी एक पारदर्शक काच असे, मधोमध बारीक रेघ. त्या काचेला कर्सर म्हणत. आकडे पट्टीवर छापलेले, कर्सर त्यांच्यावरून फिरणारा. आकडे वेगळे आणि दाखवणारा वेगळा, एवढं ध्यानात ठेवा; पुढे लागणार आहे.

आता १९४५ साली चला. डग्लस एंगलबार्ट नावाचा अमेरिकन नौदलातला तरुण रडार तंत्रज्ञ फिलिपिन्समधल्या एका बेटावर होता. तिथे खांबांवर उभ्या केलेल्या एका झोपडीत रेड क्रॉसचं वाचनालय होतं. त्या झोपडीत त्याने व्हॅनेव्हार बुश यांचा एक लेख वाचला. माणसाच्या स्मरणाला मदत करणारं यंत्र कसं असेल, असा त्याचा विषय. तो लेख या तरुणाच्या मनात राहिला. पुढे कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, त्याने स्वतःचा गट उभा केला. १९६४ च्या सुमारास त्याचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. एक लाकडी ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. ‘माऊस’ हे नाव कोणी पाडलं ते स्वतः एंगलबार्टनाही आठवत नव्हतं. आपल्याकडे उंदरावर गणपती बसतो. तिकडे पंजा बसला.

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत संगणकांच्या परिषदेत सुमारे हजार लोकांसमोर एंगलबार्ट यांनी दीड तास प्रात्यक्षिक दिलं. माऊसची जाहीर ओळख म्हणून तो दिवस सांगितला जातो. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या मंचावर संगणक नव्हताच. तो होता सुमारे पन्नास किलोमीटर दूर, मेन्लो पार्कला. तिथल्या छोट्या पडद्यांवर टीव्हीचे कॅमेरे रोखले होते. ते चित्र सूक्ष्मलहरींवरून सभागृहात येत होतं. आणि एंगलबार्ट यांच्या हाताची हालचाल वेगळ्या टेलिफोन लाइनवरून तिकडे जात होती. चित्र एका वाटेने येतं, हात दुसऱ्या वाटेने जातो. रिमोट डेस्कटॉप म्हणजे एवढंच. म्हणजे माऊस लोकांना पहिल्यांदा दिसला तोच दूरच्या संगणकावर चालताना!

याच प्रात्यक्षिकात आणखी एक घडलं. मेन्लो पार्कला बसलेले सहकारी बिल पॅक्स्टन त्याच पडद्यावर सामील झाले. एका पडद्यावर दोन दर्शक दिसू लागले, एक याचा, एक त्याचा. मग ‘हा कोणाचा?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी हजर झाला. आणि त्याच परिषदेच्या निबंधसंग्रहात आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांचा एक निबंध आहे. यंत्राने माणसाला किती वेळात उत्तर द्यावं, हा त्याचा विषय. बटण दाबणं, रेघ ओढणं अशा हाताच्या क्रियेला प्रतिसाद सेकंदाच्या दहाव्या भागात यावा, नाहीतर ‘हे मीच केलं’ अशी भावना राहत नाही, असं त्याचं सार. हाही आकडा लक्षात असू द्या.

१९६८ च्या त्या व्यवस्थेत दर्शक चित्राच्या आतच होता. कॅमेरा चित्र टिपायचा, त्यात दर्शकही टिपला जायचा. बदल झाला १९७३ साली, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत, आल्टो नावाच्या संगणकात. आपला तिरका बाणही तिथूनच रूढ झाला. ठिपक्यांच्या पडद्यावर एक कड सरळ आणि दुसरी तिरकी असेल तर बाण ठसठशीत उमटतो. पण महत्त्वाचं वेगळं आहे. आल्टोमध्ये बाणासाठी सोळा बाय सोळा ठिपक्यांचा एक स्वतंत्र तुकडा ठेवला. पडद्यावरचं चित्र एका जागी, बाण दुसऱ्या जागी, आणि दाखवताना यंत्र दुसरा पहिल्यावर ठेवणार. आपली सरकपट्टीची काच! फायदा असा, की बाण हलला म्हणून सगळं चित्र पुन्हा काढावं लागत नाही. आजचं ग्राफिक्स कार्डही असंच करतं.

सोय मोठी झाली. पण पंचवीस वर्षांनी तिची किंमत कळली. १९९८ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने व्हीएनसी ही पद्धत जगापुढे मांडली. कल्पना अगदी साधी. इकडचा संगणक तिकडे सांगतो, ‘अमुक चौकोनात हे ठिपके ठेव’. तिकडचा उलट सांगतो, ‘माऊस अमुक बिंदूवर आहे, अमुक बटण दाबलंय’. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती सोय सामान्य माणसाच्या टेबलावर आली. पण चित्र उचलून पाठवायचं म्हटलं, तर बाण चित्रात नाहीच. तो वरच्या काचेवर आहे. मग बाण कोणी काढायचा, इकडच्याने की तिकडच्याने?

उत्तरं दोन निघाली. एक, इकडच्या संगणकाने बाण चित्रात मिसळून पाठवायचा. हे खरं असतं, पण उशिरा पोचतं. दोन, बाणाचा फक्त आकार पाठवायचा आणि तिकडच्या संगणकाने तो स्वतःच्या हाताखाली लगेच काढायचा. हे चपळ असतं, पण तो बाण म्हणजे एक अंदाज असतो. आजची सगळी सॉफ्टवेअरं या दोहोंपैकी एक, किंवा दोन्ही, वापरतात. आणि आपल्या बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात. आता त्या एकेक पाहू. घरी ऐकणाऱ्यांनी हवं तर लिहून घ्या.

पहिली, बाण दिसतच नाही. आधी विचारा, दूरच्या संगणकाला माऊस जोडला आहे का? नसेल तर जोडा. माऊस नसेलच, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘माऊस कीज’ नावाची सोय आहे, ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांच्यासाठी केलेली. ती सुरू केली की बाण सहसा दिसू लागतो. त्याशिवाय रिमोट सॉफ्टवेअरच्या मेनूत ‘शो रिमोट कर्सर’ अशा अर्थाची खूण असते, ती पाहा.

दुसरी, बाण इतर ठिकाणी दिसतो, पण पांढऱ्या पानावर मजकुरात नेला की गायब. तिथे बाणाची उभी दांडी होते, आणि ती स्वतःचा रंग मागच्या रंगाच्या उलटा करून दिसते. दूर जाताना हा उलटा रंग कधी हरवतो. माऊसच्या सेटिंगमध्ये काळ्या बाणांचा संच निवडा, काम होतं.

तिसरी, दोन बाण दिसतात, एक पुढे पळतो, दुसरा मागून येतो. इथे पॅक्स्टन आठवा. पुढचा तुमचा अंदाज, मागचा दूरच्या संगणकाचा खरा बाण. बिघाड काही नाही. क्लिक करण्याआधी मागचा पोचेपर्यंत थांबा, किंवा एक बंद करा.

चौथी, बाण रेंगाळतो. इथे मात्र नेटचा संबंध आहे. काचतंतूच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच सहस्रांश सेकंद. पण जिथे केबल पोचत नाही आणि उपग्रहाची छत्री लावलेली असते, तिथे पाहा. स्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. तुमची हालचाल वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच; जवळजवळ अर्धा सेकंद. मिलर यांनी दहावा भाग सांगितला होता. इथे यंत्र कितीही महाग घ्या, अंतर कमी होत नाही. स्थानिक बाणाचा पर्याय निवडा, रंग आणि चित्राचा दर्जा कमी करा, आणि शक्य तिथे माऊसऐवजी कीबोर्ड वापरा. टॅब आणि एंटरला रेंगाळणारा बाण लागत नाही.

पाचवी, बाण एका जागी आणि क्लिक दुसऱ्याच जागी. याची परीक्षा सोपी आहे. बाण डाव्या वरच्या कोपऱ्यात न्या, मग उजव्या खालच्या. वर चूक थोडी आणि खाली जाता जाता वाढत असेल, तर दोन्ही पडद्यांचं मोजमाप जुळत नाही. एकीकडे स्केलिंग १०० टक्के, दुसरीकडे १२५ किंवा १५०. ते सारखं करा आणि पुन्हा जोडा. चूक सगळीकडे सारखीच असेल, तर खिडकीची कड किंवा दुसरा पडदा मध्ये येतोय. कधी प्रोजेक्टर बंद असतो, पण संगणक तो जोडलेलाच समजतो आणि बाण त्या अदृश्य पडद्यावर जाऊन बसतो.

सहावी, नकाशा किंवा त्रिमिती चित्र फिरवताना बाण सैरावैरा पळतो. पत्ता सांगायच्या दोन रीती असतात ना? ‘ग्रामपंचायतीसमोरचं घर’ ही एक, ‘आहात तिथून दहा पावलं डावीकडे’ ही दुसरी. रिमोट डेस्कटॉप बहुधा पहिली रीत बोलतो, असे कार्यक्रम दुसरी. एक जण पत्ता सांगतो, दुसरा पावलं मोजतो. काही सॉफ्टवेअरमध्ये ही रीत बदलता येते. नसेल तर ते काम त्या संगणकावर बसूनच करावं.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. आपल्याकडे शाखाचंद्रन्याय म्हणतात. बारीक चंद्रकोर दिसत नाही, म्हणून आधी झाडाची फांदी दाखवायची, ‘तिच्या टोकाशी बघ’. फांदी म्हणजे चंद्र नाही, हे दाखवणाऱ्यालाही ठाऊक आणि पाहणाऱ्यालाही. शिवाय दोघं एकाच जागी उभे असले तरच फांदी उपयोगी पडते. चार पावलं सरका, फांदीच्या टोकाशी चंद्र राहत नाही. आपल्या तालुक्यात गोंडी, माडिया, बंगाली, तेलुगू, मराठी अशा भाषा नांदतात. पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथे वसली, तेव्हा बाजारात पहिला व्यवहार बोटानेच झाला असणार. बोट चाललं, कारण भाजी आणि माणसं एका जागी होती. दूरच्या पडद्यावर ही एक जागा नसते. ती सॉफ्टवेअरला जुळवून आणावी लागते, आणि जिथे जुळत नाही तिथे आपण ‘कर्सर बिघडला’ म्हणतो.

म्हणून माझा सल्ला एका प्रश्नाचा आहे. काही बिनसलं की आधी विचारा, मला दिसतोय तो बाण कोणाचा? इकडचा, तिकडचा, की अंदाजाचा? फोनवर ‘कर्सर चालत नाही’ म्हणू नका. ‘इथे माझ्या पडद्यावर बाण हलतोय, तिकडे दिसतोय का’ असं विचारा. दोन पडद्यांची तुलना झाली की अर्धं निदान होतं.

हाच प्रश्न पैशाच्या बाबतीतही लागू आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला होता, की दूरून ताबा देणारं ॲप घ्यायला लावून लोकांच्या खात्यातले पैसे काढले जात आहेत. सॉफ्टवेअर तेच, दाखला मिळवून देणारं. फरक एवढाच, की बाण कोणाच्या हातात आहे हे आपण विचारलं नाही. तुम्ही स्वतः मदत मागितली नसेल, तर कोणाला ताबा देऊ नका. दिला, तर काम होईपर्यंत पडद्यासमोरून उठू नका. आणि शंका आली की नेट बंद करा, वायर उपटा. तो अधिकार इथल्या माणसाचा आहे.

ती मुलगी त्या दिवशी शेवटच्या एसटीने गेली. जाताना तिने केंद्रातल्या मुलाला विचारलं, ‘‘दादा, माऊस लावल्यावर कसं काय झालं?’’ तो म्हणाला, ‘‘माहीत नाही, झालं एवढं खरं.’’ तिच्या प्रश्नाला तिथे कोणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. म्हणून हे व्याख्यान.

 आता प्रश्न विचारा. आणि तो मागचा पंखा जरा कमी करा, ऑनलाइनवाल्यांना ऐकू जात नसेल.