कृत्रिम पाय आणि त्याची खोबण

कृत्रिम पायाचा इतिहास सांगताना आपण सहसा विश्पलेपासून प्रारंभ करतो. युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूचा पाय दिला, असे ऋग्वेद सांगतो. परंतु तो पाय तिला बोचला काय, काढल्यावर कातडी लाल झाली होती काय, हे ऋषी सांगत नाहीत. आमच्या मते या विद्येचा खरा इतिहास त्या प्रश्नातच आहे.

सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने गुडघ्यात वाकणारा व उभे राहताना अडकवता येणारा पाय योजला. रचना थोर खरी. पण देहाचा भार पेलते ती खोबण, जिला कारागीर सॉकेट म्हणतात. तळपायाची कातडी भार वाहण्यासाठीच जाड झालेली असते. पोटरीची वा मांडीची तशी नसते. सारे दुखणे येथून उद्भवते. 1861 साली अमेरिकन यादवीत पाय गमावलेल्या जेम्स हँगर या तरुणाने दिलेला लाकडी खुंट नाकारून पिंपाच्या फळ्यांचा पाय स्वतःच घडविला, तो काही उगीच नव्हे. ज्याचे जळते त्यालाच कळते. पुढे 1863 मध्ये पार्मेली याने हवेच्या दाबाने धरून राहणाऱ्या खोबणीचे पेटंट घेतले.

तथापि कितीही उत्तम खोबण कायमची बेतता येत नाही. कारण उरलेला पाय लाकडासारखा स्थिर नसतो. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने तो आक्रसत जातो, आणि एकाच दिवसातही त्याची सूज कमीजास्त होते. सकाळी नेमकी बसलेली खोबण संध्याकाळी सैल होते. मग आत एक मोजा वाढवावा लागतो. रात्री पाय सौम्य साबणाने धुऊन पुरता कोरडा करावा, खोबण आतून पुसावी, मोजे रोज बदलावेत, आणि मागची बाजू आरशात न्याहाळावी. काढल्यानंतर काही मिनिटांत लाली मावळली नाही, तर ते दाब चुकीच्या जागी पडत असल्याचे लक्षण होय. अशा वेळी सोशिकपणा हा गुण नव्हे. तसेच चालत राहिल्यास जखम होते. कारागिराकडे जावे.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पुढे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांना दिसले की, बुटात बसविलेला परदेशी धर्तीचा पाय शेतकऱ्याला उकिडवे बसू देत नाही, अनवाणी चिखलात उतरू देत नाही. म्हणून तो घरी पडून राहतो. रामचंद्र शर्मा या कारागिराच्या साहाय्याने 1968 च्या सुमारास त्यांनी रबराचे पाऊल सिद्ध केले. तेथेही वापरणाऱ्याला विचारल्यावरच मार्ग सापडला.

सभागृहात पाय वाटले जातात तेव्हा आपण टाळ्या वाजवितो. पाय देणे हे एका दिवसाचे काम आहे; तो अंगवळणी पडेपर्यंत खोबण पुनःपुन्हा तपासणे हे काही वर्षांचे. दान मोजताना हे दुसरे कामही मोजले जावे, एवढेच आम्हास सुचवावयाचे आहे.